अवचारांची तारीख

अवचार भाऊंना तारीख विचारायची नाही, हे आमच्या तहसील कचेरीत नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. मला मात्र कोणी सांगितलं नव्हतं. मी बदलीवर मंगरूळपीरला आले, मस्टरवर सही करताना तारखेपाशी अडले आणि शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना सहज विचारलं, "आज किती तारीख हो?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. हातातली फाईल मिटली. समोर उभ्या असलेल्या दोन शेतकऱ्यांना थांबण्याची खूण केली.

"सोळा एप्रिल. बसा ताई. आजच्या दिवशी आपल्या देशात पहिली रेल्वे धावली. बोरीबंदर ते ठाणे. अठराशे त्रेपन्न."

"बरं," मी म्हणाले.

"बरं काय म्हणता? आपल्या मंगरूळले आजलोक नाही आली!" हे त्यांनी अशा काही सुरात सांगितलं की जणू गाडी मीच अडवून धरली असावी.

ते दोन शेतकरी तसेच उभे होते. त्यांना उत्पन्नाचा दाखला पाहिजे होता. त्यांना आधी रेल्वे मिळाली, दाखला जेवणाच्या सुट्टीनंतर.

रामकृष्ण अवचार हे आमच्याकडचे वरिष्ठ लिपिक. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या बाह्या उन्हाळ्यातही मनगटापर्यंत. राहायला मंगरूळपीरलाच, गाव रिसोड तालुक्यातलं रिठद. काम चोख करायचे, हे मी कबूल करते, कारण त्यामुळेच तर पंचाईत व्हायची. माणूस कामचुकार असता तर तक्रार करता आली असती. त्यांच्या हातून कागद कधी चुकला नाही, फक्त वेळेवर निघाला नाही. कारण प्रत्येक कागदावर कुठे ना कुठे तारीख असते, आणि अवचारांना तारीख दिसली की पुढचं काही दिसत नसे.

कोणाचा जन्मदाखला आला की हे सुरू. "वा वा, सहा ऑगस्ट! हिरोशिमा!" समोरची बाई बिचारी पहिल्या नातवाचं नाव लावायला आलेली. ती घाबरून विचारायची, "काही वाईट हाय का साहेब?" मग तिला जपान समजावून सांगायचं काम माझ्याकडे यायचं. मी शेजारच्या टेबलावर होते हाच माझा गुन्हा.

कचेरीच्या दाराशी एक काळा फळा होता. कोणत्या कामाला कोणते कागद लागतात ते त्याच्यावर लिहायचं, असा साहेबांचा हुकूम. अवचारांनी फळ्याचा वरचा अर्धा भाग दिनविशेषासाठी घेतला. हळूहळू खालचाही घेतला. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला गावातली माणसं जमली तर फळ्यावर मोठ्या अक्षरात, "आजच्या दिवशी पनामा कालवा वाहतुकीस खुला झाला." एका म्हाताऱ्या बाबांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि मला विचारलं, "बाई, हा पनामा कोणत्या तालुक्यात येते? त्याचं पाणी आपल्याले भेटन काय?"

साहेब चिडले. "अवचार, आज देश स्वतंत्र झाला. कालव्याचं काय घेऊन बसलात?"

"साहेब, देश स्वतंत्र झाला ते सगळ्याहीले माहीत हाय. कालव्याचं कोणालेच माहीत नव्हतं."

साहेबांनी फळा उचलून आत ठेवायला लावला. दुसऱ्या दिवसापासून अवचार तोंडी सांगू लागले, ते जास्त त्रासाचं झालं.

यातून त्यांनी एकदा लग्न मोडायची वेळ आणली होती. शिरपूर जैनचे सुभाषशेठ, तिथे त्यांचं भांड्यांचं दुकान, मुलीच्या कसल्याशा दाखल्यासाठी पत्नीला घेऊन आले होते. बोलता बोलता आनंदाने सांगून गेले, "दोन डिसेंबर धरली लग्नाची."

मी डोळ्यांनी अवचारांना खुणावलं. पण व्हायचं ते झालं.

"दोन डिसेंबर?" अवचारांचा चष्मा कपाळावर गेला. "अरे बाप्पा! भोपाळ. त्याच रात्री गॅस सुटला."

सुभाषशेठ नुसते हसले, पण त्यांची बायको हसली नाही. तिने घरी जाऊन नणंदेला सांगितलं, नणंदेने कारंज्याला मुलाच्या आत्याला फोन केला, आणि तिसऱ्या दिवशी व्याह्यांचा निरोप आला की तारखेचा पुन्हा विचार करू. मंगल कार्यालय ठरलेलं, पत्रिका वाटून झालेल्या. सुभाषशेठ आमच्या कचेरीत आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"अवचार! तुमी लावली ही आग, तुमीच विझवा. चला कारंज्याले. आत्ता!" मग माझ्याकडे वळून, "ताई, तुमी बी चला. हे एकटे गेले तर आनखी काही सांगून येतीन."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. माझी, स्वतःची रजा! गाडीत अवचार सगळा रस्ता पुटपुटत होते. मी म्हटलं, "भाऊ, तिथे जाऊन फक्त माफी मागा. दुसरं एक अक्षर बोलू नका."

"माफी कायची, ताई? मी खोटं थोडीच बोललो?"

व्याह्यांच्या बैठकीत सगळे गंभीर बसलेले. मुलाचे वडील वयस्कर, शांत गृहस्थ. ते म्हणाले, "आमी अंधश्रद्धा मानत नाही. पण घरच्या बायकांच्या मनात आलं ते आलं."

अवचार उभे राहिले. मी डोळे मिटून घेतले.

"शेठजी, तारीख वाईट नसते. प्रत्येक तारखेले कोणी ना कोणी मेलं हाय अन् काही ना काही जन्मलं हाय. ह्याच दोन डिसेंबरले एक अख्खा देश जन्मले आला. संयुक्त अरब अमिराती."

"कोणता देश?"

"म्हणजे, दुबई ज्याच्यात येते तो."

बैठकीत चुळबुळ झाली. आतल्या दारातून आत्याबाईंचा आवाज आला, "दुबई? सोन्याची?"

"तेच," अवचार म्हणाले.

"मंग आधी सांगावं ना!" व्याही म्हणाले आणि चहा आला. लग्न त्याच तारखेला झालं. अवचार आमंत्रणावरून गेले आणि वरपक्षातल्या माणसांना पंगतीत बसवून एकेकाची जन्मतारीख विचारत राहिले. सुभाषशेठ लांबून माझ्याकडे बघून हात जोडत होते.

आता खरी गोष्ट सांगते. सगळ्या जगाच्या तारखा सांगणाऱ्या या माणसाला स्वतःची तारीख माहीत नव्हती. सेवापुस्तकात एक जून होती. पण आमच्या भागात त्या वयाच्या अर्ध्या माणसांची एक जूनच असते. शाळेत नाव घालायला बाप पोराचा हात धरून जायचा, गुरुजी विचारायचे जन्म कधीचा, बाप म्हणायचा पोळ्याच्या मागंपुढं, आणि गुरुजी एक जून टाकून मोकळे. अवचारांची एक जून, त्यांच्या धाकट्या भावाची, उत्तमरावांचीही एक जून. आमच्या कचेरीतून दर वर्षी एकतीस मेला दोन-तीन माणसं एकदम निवृत्त होतात ती यामुळेच. एकाच हारात दोघांचे सत्कार उरकलेले मी पाहिलेत.

बाकीच्यांना याचं काही वाटत नसे. अवचारांना फार वाटायचं. कोणी एक जूनला शुभेच्छा दिल्या की ते भडकायचे. "एक जूनले एसटी जन्मली. पहिली बस त्या दिवशी सुटली. मी नाही जन्मलो!"

"मग तुम्ही कधी जन्मलात?" असं विचारायची चूक मी एकदाच केली.

त्यांच्या आईने लहानपणी त्यांना सांगितलं होतं की तू झाला त्या दिवशी माणूस चांदावर उतरला. मामाच्या रेडिओवर बातमी आली, सारे लोक अंगणात येऊन वर पाहू लागले, अन् आत तू रडून राह्यला होता. एवढ्या एका वाक्यावर या माणसाने आयुष्य काढलं होतं. एकोणसत्तरचा जुलै. म्हणजे कागदावर ते दोन वर्षांनी मोठे होते. साहेबांना वाटायचं, निवृत्ती लांबवण्यासाठी हा डाव आहे. त्यांनी स्पष्टच बजावलं की सेवापुस्तकातली तारीख आता बदलत नसते. अवचार म्हणाले, "साहेब, नोकरी गेली चुलीत. मले फक्त माहीत पाह्यजे."

जुलैवर ते समाधानी होते तोवर ठीक होतं. मग कुठल्याशा पुस्तकात त्यांनी वाचलं की चंद्रावर माणूस सहा वेळा उतरला. झालं! सकाळी मी टेबलावर बसते न बसते तोच ते समोर.

"ताई, घोळ झाला. सहा डाव! जुलै, नोव्हेंबर, फेब्रुवारी, परत जुलै, एप्रिल, डिसेंबर. आता यातला माहा कोणता?"

"पहिलाच असेल, भाऊ. रेडिओवर ऐकून लोक जमले म्हणजे पहिलाच."

"पण मावशी म्हणते कापसाची वेचणी चालू होती. जुलैत कापूस कुठून येईन? म्हणजे नोव्हेंबर. अन् उत्तम म्हणते की आईनं ही चांदाची गोष्ट त्याची म्हणून सांगतली!"

दोन सख्खे भाऊ एका चंद्रावरून आठ महिने एकमेकांशी बोलले नाहीत. उत्तमराव मला फोन करून सांगायचे, "ताई, दादाले समजवा. चांद माहा हाय." मी कोणाकोणाला समजावू? माझ्या टेबलावर कागदांचा ढीग, समोर लोकांची रांग, आणि शेजारी हे, नखाने टेबलावर सहा रेघा ओढत बसलेले.

माझा पारा खरा चढला तो एका चौदा ऑक्टोबरला. आमच्या घरात या दिवसाला वेगळा मान आहे. नागपूरला दीक्षा झाली त्या दिवशी माझे आजोबा तिथे होते आणि माझे वडील, तेव्हा पाच-सहा वर्षांचे, त्यांच्या खांद्यावर होते. त्या दिवशी मी पांढरी साडी नेसून कचेरीत गेले होते. अवचारांनी पाहिलं आणि उत्साहाने म्हणाले, "ताई, चौदा ऑक्टोबर! आजच इंग्लंडात हेस्टिंग्जची लढाई झाली. अन् आजच्याच तारखेले विमान पहिल्यांदा आवाजापेक्षा जोरात..."

"पुरे!" मी इतक्या जोरात बोलले की रांगेतली माणसं वळून पाहू लागली. "भाऊ, हा दिवस आमचा आहे. याच्यात मला लढाई नको, विमान नको. तुमच्यासाठी हे एका रकान्यातले चार मुद्दे असतील. माझ्यासाठी नाहीत."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि समोरची फाईल उघडली. दिवसभर एक शब्द नाही. मला हायसंही वाटलं आणि काम होईनासंही झालं. संध्याकाळी पाहते तर हे आमच्या घराच्या दारात, हातात चिवड्याचा पुडा.

"काकांले भेटावं म्हणलं," ते चाचरत म्हणाले.

माझे वडील निवृत्त शिक्षक, माणसांचे भुकेले. त्यांनी खुर्ची ओढून दिली आणि सांगायला बसले. गावातून बैलगाडीने कारंज्याला, तिथून छोटी रेल्वे, मूर्तिजापूरला मोठी गाडी. डब्यात पाय ठेवायला जागा नाही. आजोबांचं एकुलतं धोतर आजीने राखेच्या पाण्यात धुऊन पांढरं केलेलं. मैदानावर पोचल्यावर काही दिसत नव्हतं, फक्त पांढरं, जिकडे बघावं तिकडे पांढरं. आजोबा रडत होते आणि त्यांच्या खांद्याच्या हलण्याने वडिलांना ते कळत होतं.

मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते. आता हेस्टिंग्ज निघेल, मग विमान निघेल. नाही निघालं. अवचारांनी एकच विचारलं, "काका, तुमची जन्मतारीख कोणती?"

"कागदावर? एक जून," वडील हसले. "खरी मले माहीत नाही. कोणालेच माहीत नव्हती. पण मले त्याचं काही वाटत नाही. माह्या बापानं मले खांद्यावरून खाली उतरवलं तो दिवस मी माहा धरला."

अवचार जाताना चपला घालायच्या विसरले, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले.

पुढच्या रविवारी त्यांनी मला आणि उत्तमरावांना रिठदला नेलं. मला कशाला, हे मी विचारलं. "साक्षीदार पाह्यजे," ते म्हणाले. आई, जिजाबाई, ओसरीवर तुरीच्या दाण्यातले खडे वेचत बसल्या होत्या. नव्वदीच्या घरातली बाई, नजर अजून तीक्ष्ण. दोन्ही भाऊ तिच्या पुढ्यात शाळेतल्या पोरांसारखे बसले.

"आई, खरं सांग," अवचार म्हणाले. "चांदावर माणूस उतरला तवा मी झालो का हा?"

"काहून?"

"मले माहीत पाह्यजे."

"साठीले आले अन् कायले भांडून राह्यले?" जिजाबाईंनी सूप खाली ठेवलं. "कोणता चांद अन् कोणता माणूस? तुमी रातच्यानं रडत होते म्हून सांगत होती मी. तुले बी सांगतली, त्याले बी सांगतली. पोरीहीले बी सांगतली."

उत्तमराव हसू लागले. अवचारांचा चेहरा मात्र असा झाला की मला त्यांच्याकडे बघवेना.

"मंग मी कधी झालो, आई? काही तरी आठव. पाऊस होता? थंडी होती?"

"मले तारीख कुठं समजत होती रे? सकाळी उठा, भाकरी बांधा, वावरात जा. रोज तेच. मले पाच लेकरं झाले. पाच डाव मी वावरात गेली नाही. त्यातला एक दिवस तुहा हाय." आणि सूप पुन्हा हातात घेत म्हणाल्या, "आता जेवाले बसा. बाईले काहून उपाशी ठेवलं?"

परतताना अवचार गाडी चालवत होते आणि काही बोलत नव्हते. अर्ध्या वाटेवर आल्यावर म्हणाले, "ताई, पाच दिवस. आख्ख्या जिंदगीत." मला वाटलं, सुटलो एकदाचे. पण सोमवारी कचेरीत आले आणि एका पोलीस पाटलाच्या कागदावर तीस सप्टेंबर पाहून त्याला अडवून किल्लारीचा भूकंप सांगू लागले. माणूस बदलतो यावर माझा विश्वास फारसा उरलेला नाही. एवढंच झालं की चांदाचा विषय बंद झाला आणि दोघं भाऊ एका ताटात जेवू लागले.

एकतीस मेला त्यांचा निरोप समारंभ झाला, आणखी एका एक जूनवाल्यासोबत. भाषणात त्यांनी त्या दिवशी जगात काय काय झालं ते सांगायला सुरुवात केली, तेव्हा साहेबांनी स्वतः उठून नारळ त्यांच्या हातात दिला.

त्यानंतर शेजारचं टेबल शांत झालं. नवीन मुलगी आली आहे, ती कानात वायर घालून काम करते. माझी रांग लवकर संपते. मी मस्टरवर तारीख घालते आणि कोणी काही बोलत नाही. पहिले काही दिवस मी मुद्दाम मोठ्याने विचारायचे, "आज किती तारीख?" ती मुलगी मोबाईल बघून नुसता आकडा सांगायची.

मग एके दिवशी उत्तमरावांचा फोन आला. आई गेली. बारा एप्रिल होती, सुट्टीचा दिवस. मी वडिलांना घेऊन निघाले आणि दुपारी उन्हातच रिठदला पोचले. सगळं आटोपून माणसं नदीवरून परतली होती. ओसरीच्या कडेला अवचार बसले होते, डोकं ओलं, अंगावर पंचा. मी शेजारी जाऊन बसले.

ग्रामपंचायतीचा माणूस नोंदीसाठी आला होता. त्याने अदबीने विचारलं, "भाऊ, तारीख आजचीच टाकू ना?"

आता हे सुरू करतील, एवढ्या माणसांत, आज. मी त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"हो," अवचार म्हणाले. "बारा एप्रिल."

त्या माणसाला काय वाटलं कोण जाणे. त्यांची ख्याती त्या गावातही होतीच. तो हळूच म्हणाला, "आज काय झालतं भाऊ, जगात?"

अवचारांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे लाल होते. अगदी साध्या आवाजात ते म्हणाले, "काही नाही झालं. आज दुसरं काहीच नाही झालं."

तो माणूस मान हलवून गेला. बारा एप्रिलला माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला होता, आणि त्याच्या काही वर्षं आधी, त्याच तारखेला, पोलिओची लस लागू पडली असं जाहीर झालं होतं. दोन्ही मला तोंडपाठ होतं. त्यांनीच दर वर्षी, माझं काम अडवून, माझ्या डोक्यात घातलेलं.

मी काही बोलले नाही.